शरणपूर ते झांझिबार : एका बेटप्रवासाची तयारी

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील तरुण मुलामुलींना दूरच्या बेटांची ओढ लागली आहे. फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येण्याच्या खेळाला सर्फिंग म्हणतात. त्या खेळापायी कोणी मालदीवचा बेत करतो, तर कोणी लिटल अंदमानचा. विमानाने पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, उतरायचे आणि तेथून बोटीने पुढचे बेट गाठायचे. अशा प्रवासाचा बेत करणाऱ्यांपुढचे प्रश्न ठरलेले असतात. लाट कोणत्या महिन्यात चांगली उठते? वारा कोठून वाहतो? बोट कोठे लागते? परवाने कोणते लागतात? हिवतापावर औषध काय न्यावे? पैसा किती लागेल? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बरोबर कोणाला घ्यावे?

हे प्रश्न मुळीच नवे नाहीत. १८६५ साली मुंबईत एका माणसाने हेच प्रश्न स्वतःला विचारून एक लांबलचक यादी तयार केली होती. त्याला झांझिबार बेटावर जाऊन तेथून आफ्रिकेच्या अंतर्भागात शिरायचे होते. त्या यादीत उंट होते, म्हशी होत्या, शिपाई होते आणि नाशिकचे नऊ तरुणही होते. उंटांची, म्हशींची आणि शिपायांची पुढे काय गत झाली ते इतिहासात नोंदलेले आहे. नाशिकच्या तरुणांची हकीकतही नोंदलेली आहे. पण खुद्द नाशिकमध्ये ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. सुज्ञ वाचकांपुढे ती मांडावी, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पंचवटीत राहणाऱ्याला अपहरणाची आणि समुद्रापलीकडच्या बेटाची कथा नव्याने सांगावी लागत नाही. रामायणातील सीतेचे हरण येथूनच झाले, अशी आपल्या हिंदू बांधवांची श्रद्धा आहे. सीतागुंफेपुढे आजही यात्रेकरूंची रांग लागते. समुद्र ओलांडून बेटावर जाण्याची तयारी हा त्या महाकथेचा एक मोठाच भाग आहे. परंतु गोदावरीच्या दुसऱ्या बाजूस, नाशिक शहराच्या पश्चिमेला, एकोणिसाव्या शतकात आणखी काही अपहृत माणसे राहून गेली. त्यांना समुद्र ओलांडून येथे आणण्यात आले होते आणि पुढे त्यांतील बरीच जण पुन्हा समुद्र ओलांडून परत गेली. त्यांच्या वस्तीचे नाव शरणपूर.

वाऱ्याचे पंचांग

समुद्रप्रवासाचा बेत करताना पहिला प्रश्न ऋतूचा. आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या पाण्यात लोटतात, त्यामागे शतकांचा अनुभव आहे. अरबी समुद्रात वर्षाचे दोन भाग पडतात. साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत ईशान्येचा वारा वाहतो आणि तो हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून गलबतांना आफ्रिकेकडे नेतो. एप्रिलपासून वारा फिरतो आणि नैर्ऋत्येकडून वाहू लागतो. त्यावर गलबते परत येतात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्वाहिली लोक या दोन वाऱ्यांना कास्काझी आणि कूसी म्हणतात. हे पंचांग चुकले की प्रवासी अडकून पडलाच.

याचे सर्वांत परिचित उदाहरण आपल्या संत फ्रान्सिस झेवियरचे. ७ एप्रिल १५४१ रोजी ते लिस्बनहून निघाले. पण त्यांच्या जहाजाला पुढचा वारा साधता आला नाही. मोझांबिक बेटावर सुमारे सहा महिने मुक्काम पडला. तेथे आजाऱ्यांची सेवा करता करता ते स्वतःही आजारी पडले. पुढे मालिंदी आणि सोकोत्रा येथे थांबत ते ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोहोचले. तेरा महिन्यांच्या त्या प्रवासातील जवळजवळ अर्धा काळ वाऱ्याची वाट पाहण्यात गेला.

याच वाऱ्यांवर आणखी एक भयंकर व्यापार चाले. आफ्रिकेच्या आतल्या मुलखात गावे लुटून पकडलेली माणसे साखळदंडांत बांधून किनाऱ्यावर आणली जात. झांझिबारच्या बाजारात त्यांची विक्री होई आणि वारा फिरला की अरबी गलबतांत कोंबून त्यांना उत्तरेकडे नेण्यात येई. इंग्रजांच्या आरमारी बोटी अशी काही गलबते पकडीत. सोडविलेल्या माणसांत मुलांचा भरणा मोठा असे. त्यांना त्यांच्या गावी परत पोहोचविणे कोणालाच शक्य नव्हते, कारण गाव कोठे होते हे मुलांना सांगता येत नसे आणि पुष्कळदा ते गावच उरलेले नसे. म्हणून त्यांतील अनेक मुले मुंबईला उतरविली गेली.

शरणपूरची मुले

चर्च मिशनरी सोसायटी ही अँग्लिकन पंथाची संस्था. तिचे काम नाशिकमध्ये १८३२ पासून चालू होते. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने १८५० नंतरच्या दशकात शहराबाहेर एक ख्रिस्ती वसाहत उभी केली आणि तिला शरणपूर हे नाव दिले. जुन्या करारात, गणना आणि यहोशवा या ग्रंथांत, जीव वाचविण्यासाठी पळून आलेल्याला आश्रय देणाऱ्या नगरांचा उल्लेख येतो. त्या शरणपुरांवरून हे नाव आले. १८६० च्या सुमारास मुंबईला उतरविलेल्या आफ्रिकन मुलांसाठी तेथे आश्रम व शाळा सुरू झाली. मुलांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि त्याबरोबरच सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हातचे हुन्नर शिकविले जात.

ही मुले याओ, मकुआ आणि इतर जमातींची होती. त्यांची मूळ नावे फारच थोड्या ठिकाणी सापडतात. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नवी नावे मिळाली, तीही बहुधा इंग्रजी आडनावांसह : जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, एडवर्ड गार्डनर, सायमन प्राइस. आमच्यासारख्या धर्मगुरूंच्या हाती बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या असतात. एका ओळीत एक नाव लिहिताना आपण त्या बालकाला देवाच्या कुटुंबात घेतो, हा आनंद आम्ही अनेक वर्षे अनुभवला आहे. परंतु त्याच ओळीमुळे आईने हाक मारलेले नाव कायमचे पुसले जात असेल, तर त्याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. शरणपूरने या मुलांना अन्न, वस्त्र, शिक्षण आणि श्रद्धा दिली. त्यांचे हरवलेले घर मात्र त्याला देता आले नाही. ते कोणालाच देता येण्यासारखे नव्हते.

एका यादीची हकीकत

डेव्हिड लिव्हिंगस्टन हे स्कॉटलंडचे डॉक्टर, मिशनरी आणि भूप्रदेशशोधक. त्यांना नाईल नदीचा उगम शोधायचा होता आणि गुलामांच्या व्यापाराचे सत्य जगापुढे मांडायचे होते. मुंबईशी त्यांचा संबंध आला तोही एका समुद्रप्रवासातूनच. ‘लेडी न्यासा’ नावाची त्यांची एक लहानशी आगबोट होती. ती विकण्यासाठी ३० एप्रिल १८६४ रोजी ते झांझिबारहून निघाले आणि स्वतःच नौकानयन करीत १३ जून १८६४ रोजी मुंबईला पोहोचले. नदी-सरोवरांसाठी बांधलेली बोट, त्यांतही अपुरा कोळसा, अननुभवी खलाशी, कित्येक दिवस पडलेला वारा आणि डोक्यावर आलेला पावसाळा! असा बेत आजच्या एखाद्या तरुणाने घरी सांगितला तर त्याची आई त्याला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही. त्या बोटीवर चुमा आणि विकातानी नावाचे दोन याओ मुलगे होते. १८६१ साली गुलामांच्या तांड्यातून ते सोडविले गेले होते. मुंबईत त्यांना डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवण्यात आले.

सप्टेंबर १८६५ मध्ये लिव्हिंगस्टन पुन्हा मुंबईला आले आणि खऱ्या तयारीला लागले. पैशाचा हिशेब असा होता : इंग्लंडच्या सरकारकडून ५०० पौंड, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडून ५०० पौंड आणि जेम्स यंग या मित्राकडून १,००० पौंड. ‘लेडी न्यासा’ बांधायला सुमारे ६,००० पौंड लागले होते. ती २,३०० पौंडांना विकली गेली. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले आणि कापसाचे भाव कोसळले, तसे मुंबईतील व्यापारी व बँकाही कोसळल्या. बोटीचे पैसे ज्या बँकेत गुंतवले होते तीही बुडाली.

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांनी मात्र त्यांना मनापासून साहाय्य केले. मुंबई सरकारला ‘थूल’ नावाची आगबोट झांझिबारच्या सुलतानाला भेट द्यायची होती. त्याच बोटीतून लिव्हिंगस्टन यांनी जावे आणि भेट सुलतानाच्या हवाली करावी असे ठरले. बोटीची सोय झाली आणि त्याबरोबर दरबारात मानाचा प्रवेशही मिळाला. सुलतानाचे आज्ञापत्र हातात असल्याशिवाय पुढील किनाऱ्यावर पाऊल टाकणे अवघड होते.

आता बरोबर कोणाला घ्यावे? लिव्हिंगस्टन यांनी पाच गट जमविले. मुंबईच्या पलटणीतील तेरा शिपाई. कोमोरो द्वीपसमूहातील जोहान्ना, म्हणजे आजच्या आंझुआन बेटावरचे दहा जण. झांबेझी नदीकाठच्या शुपांग्याचे दोघे, सूसी आणि अमोदा. चुमा व विकातानी. आणि शरणपूरच्या शाळेतील नऊ तरुण. एकूण छत्तीस माणसे. याशिवाय सहा उंट, तीन म्हशी व एक पारडू, दोन खेचरे आणि चार गाढवे. आफ्रिकेतील त्सेत्से माशीच्या दंशाने घोडे व गुरे मरतात. हिंदुस्थानातील उंट-म्हशी ती माशी सोसू शकतात काय, हे त्यांना पाहायचे होते.

जानेवारी १८६६ च्या पहिल्या आठवड्यात ‘थूल’ मुंबईहून निघाली. ऋतू अचूक निवडला होता. तेवीस दिवसांच्या प्रवासानंतर २८ जानेवारी रोजी ती झांझिबारला लागली. त्या बेटावर कच्छी आणि भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. जकातीचा मक्ताच जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता. हिंदुस्थानातील माणसाला तेथे अगदीच परके वाटू नये अशी ही स्थिती होती. परंतु शरणपूरच्या तरुणांना काय वाटले असेल? काही वर्षांपूर्वी ज्या समुद्रमार्गाने गलबताच्या तळाशी कोंबून आपल्याला नेले, त्याच मार्गाने आता आपण अंगावर स्वच्छ कपडे घालून, एका प्रतिष्ठित साहेबाच्या तुकडीत, परत आलो आहोत. बाजारात मात्र माणसांची विक्री तेव्हाही चालूच होती.

यादी फाटते

१९ मार्च १८६६ रोजी तुकडी झांझिबारहून निघाली. बेत रोवुमा नदीच्या मुखाशी उतरण्याचा होता. तेथे पोहोचल्यावर दिसले की खारफुटीच्या जंगलामुळे उंट उतरविणे अशक्य आहे. मग उत्तरेला मिकिंदानीच्या खाडीत जाऊन २४ मार्चला सर्व किनाऱ्यावर उतरले. नकाशावर सोपा दिसणारा किनारा प्रत्यक्षात तसा नसतो, हे लाटांचा खेळ खेळणाऱ्यांना सांगायला नको.

त्यानंतर यादीतील एकेक ओळ पुसली जाऊ लागली. शिपायांनी जनावरांवर अतोनात ओझी लादली आणि त्यांना निर्दयपणे मारले. माशीचा दंश बाजूलाच राहिला, माराने आणि हालांनीच ती एकामागून एक मेली. जुलैमध्ये शिपायांना परत धाडावे लागले. सप्टेंबरात, पुढे लुटारू टोळ्या आहेत असे कळताच, जोहान्ना बेटाची दहाही माणसे निघून गेली. झांझिबारला पोहोचून त्यांच्या म्होरक्याने लिव्हिंगस्टन मारले गेल्याची खोटी बातमी पसरविली आणि ती खरी की खोटी हे पाहण्यासाठी १८६७ साली इंग्लंडहून शोधपथक पाठवावे लागले. जानेवारी १८६७ मध्ये दोन हमाल पळाले आणि त्यांच्याबरोबर औषधांची पेटीही गेली. हिवतापाच्या मुलखात औषधाविना राहणे म्हणजे मृत्युदंड आहे, हे डॉक्टर असलेल्या माणसाला कोणी सांगायची गरज नव्हती.

नाशिकचे तरुणही काही देवदूत नव्हते. ते आळशी आहेत, निष्काळजी आहेत, शिपायांच्या नादी लागले आहेत, अशा तक्रारी लिव्हिंगस्टन यांच्या रोजनिशीत अनेकदा आढळतात. रिचर्ड नावाचा एक तरुण १८६६ साली वाटेतच आजारी पडून वारला. १८६८ साली पुढे चालण्यास बहुतेकांनी नकार दिला. काही महिन्यांनी ते परत आले तेव्हा लिव्हिंगस्टन यांनी त्यांना ठेवून घेतले. चालून चालून ते थकले, आणि आपणही थकलोच आहोत, असा विचार त्यांनी तेव्हा केला. एका कठोर माणसाच्या मनाचा हा कोमल कोपरा आम्हांला मोठा भावतो.

१८७० च्या जूनमध्ये मान्येमाच्या घनदाट अरण्यात पुन्हा माणसे फुटली. लुआलाबा नदीच्या दिशेने लिव्हिंगस्टन निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर फक्त तिघे होते : सूसी, चुमा आणि एडवर्ड गार्डनर. त्यांतील तिसरा आमच्या शरणपूरचा.

अब्राहमचे उत्तर

या सर्व हकीकतीतील एक प्रसंग आम्हांला विसरता येत नाही. जुलै १८६६ मध्ये तुकडी मटाका नावाच्या याओ सरदाराच्या गावी पोहोचली. गाव संपन्न होते, हवा थंड होती. नाशिकच्या नऊ जणांतील अब्राहम याला तेथे आपला मामा-काकांपैकी एक आप्त भेटला. ज्या मुलाला लहानपणी पळवून नेले तो जिवंत परत आला, याहून मोठा आनंद कोणता? पण त्याच आप्ताकडून त्याला कळले की त्याच्यामागून त्याची आई आणि दोन बहिणी यांनाही विकण्यात आले.

आप्तांनी त्याला राहण्याचा आग्रह केला. सरदारानेही केला. खुद्द लिव्हिंगस्टन यांनी सांगितले की तू येथेच राहा, सुरुवातीच्या निर्वाहासाठी लागेल तो माल मी देतो. प्रत्येकाला अब्राहमने एकच उत्तर दिले : जेथे माझी आई नाही, बहीण नाही, तेथे मी कसा राहू?

प्रवासाच्या तयारीच्या कोणत्याही यादीत न बसणारा हा प्रश्न आहे. लिव्हिंगस्टन यांच्या दृष्टीने नाशिकचे तरुण हे वाटाडे, कारागीर आणि दुभाषे होते. त्यांच्या दृष्टीने हा प्रवास म्हणजे घरी परतणे होते, आणि घर तर उरलेले नव्हते. चुमाचा सोबती विकातानी याला पुढे सरोवराच्या परिसरात भाऊ भेटला, तो तेथेच राहिला. अब्राहम मात्र पुढे चालू लागला. रक्ताचे नाते जेथे तुटले तेथे त्याने सोबत्यांचे नाते धरले, असेच म्हणावे लागेल. मटाकाच्या गावी राहून तो सुखी झाला नसता कशावरून, असे कोणी विचारील. आम्ही एवढेच म्हणू की निवड त्याची स्वतःची होती. लहानपणी पळविल्या गेलेल्या त्या माणसाला कदाचित प्रथमच कोणीतरी विचारले होते, आणि त्याने ठामपणे उत्तर दिले.

प्रवास कोणी पुरा केला?

१८७२ साली लिव्हिंगस्टन यांच्या मदतीसाठी माणसे पाठविण्यात आली, त्यांत शरणपूरचे आणखी सहा तरुण होते. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतलेच. ऑगस्ट १८७२ मध्ये ते उन्यान्येम्बे येथे लिव्हिंगस्टन यांना मिळाले. त्यानंतर वर्षभराच्या आतच, मे १८७३ च्या आरंभी, आजच्या झांबियातील चितांबो या गावी लिव्हिंगस्टन यांचा मृत्यू झाला. पहाटे बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत ते मृत आढळले, असे त्यांच्या सोबत्यांनी सांगितले.

आता बेत करणारा माणूस उरला नाही. समुद्र सुमारे हजार मैल दूर. मृतदेह बरोबर नेणे म्हणजे प्रत्येक गावात संशय आणि वैर ओढवून घेणे. तरीही तो परत न्यायचाच, असे सोबत्यांनी ठरविले. सूसी आणि चुमा यांनी नेतृत्व केले. हृदय एका मुपुंडू वृक्षाखाली पुरले. त्या वेळी अंत्यविधीच्या प्रार्थना जेकब वेनराइटने वाचल्या आणि झाडाच्या सालीवर नाव व तारीख कोरली. सामानाची मोजदाद करून यादीही त्यानेच लिहिली. शरणपूरच्या शाळेत शिकलेली अक्षरे तेथे, मध्य आफ्रिकेच्या अरण्यात, कामी आली. देह मीठ लावून उन्हात वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळला आणि सुमारे साठ माणसांचा तो तांडा चालू लागला.

ऑक्टोबरमध्ये वाटेत त्यांना एक इंग्रज अधिकारी भेटला. देह येथेच पुरावा असा सल्ला त्याने दिला. त्यांनी तो नम्रपणे नाकारला. सुमारे नऊ महिन्यांच्या वाटचालीनंतर फेब्रुवारी १८७४ मध्ये ते झांझिबारसमोरील किनाऱ्यावर, बागामोयो येथे पोहोचले.

बागामोयो येथे तेव्हा आपल्या कॅथलिक धर्मसभेचे मिशन होते. पवित्र आत्म्याच्या संघाच्या फ्रेंच धर्मगुरूंनी ते १८६८ साली स्थापले होते आणि सोडविलेल्या गुलामांसाठी एक ख्रिस्ती गाव वसविले होते. शरणपूरचे भावंडच म्हणा ना. बेटाकडे नेण्यापूर्वी एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचा देह त्या कॅथलिक मिशनात विसावला. दोन्ही पंथांत तेव्हा आजच्यासारखा स्नेह नव्हता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला अजून नव्वद वर्षे अवकाश होता. तरी त्या रात्री तेथे कोणी पंथ विचारला नाही. बागामोयो या नावाचा एक अर्थ ‘हृदय येथे ठेव’ असा लावला जातो. दास्याच्या वाटेवरील माणसे समुद्र दिसताच आपल्या मुलखाला येथून निरोप देत, असे सांगतात.

जेकब वेनराइट त्या शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफनविधी झाला तेव्हा पेटीच्या मानकऱ्यांत तोही होता. त्याने लिहिलेली रोजनिशी दीर्घकाळ मूळ स्वरूपात फारशी कोणी पाहिली नव्हती. २०१९ साली ती सर्वांना वाचण्यासाठी खुली झाली. १८९२ साली आफ्रिकेतच त्याचा मृत्यू झाला. जिऑग्राफिकल सोसायटीने त्या तांड्यातील साठ जणांसाठी पदके पाडली. पण तोवर माणसे पांगली होती आणि अनेकांना ती मिळालीच नाहीत.

मोंबासासमोरचे गाव

फ्रेअर साहेबांच्या मध्यस्थीनंतर ५ जून १८७३ रोजी झांझिबारच्या सुलतानाने समुद्रमार्गे गुलामांची ने-आण बंद करण्याचा करार केला आणि बाजार बंद झाला. आता सुटलेल्या माणसांसाठी आफ्रिकेतच गाव हवे होते. ते वसविण्यासाठी प्राइस यांनाच पाठविण्यात आले. मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर १८७५ साली फ्रेअरटाऊन उभे राहिले. शरणपूरहून सुमारे दीडशे आफ्रिकन तेथे व जवळच्या रबाई येथे गेले. तेथे त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. नाशिकमध्ये ते आफ्रिकन होते आणि आफ्रिकेत मुंबईचे झाले.

ते तेथे शिक्षक, सुतार, लोहार, प्रचारक झाले. सर्व काही गोड होते असे नाही. पगार कमी, मान कमी; गोऱ्या मिशनऱ्यांइतके कष्ट करूनही निर्णयात वाटा नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी अर्ज लिहिले. १८८० नंतरच्या वर्षांत फटक्यांच्या शिक्षेवरून चौकशीही झाली. सुवार्ता सांगणाऱ्यांच्या हातून असे घडले हे लपविण्यात काही अर्थ नाही; लपविल्याने सुवार्तेचीच हानी होते.

याच मंडळीतील विल्यम जोन्स १८६४ सालीच नाशिकहून रबाईला गेला होता. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला आणि इश्माएल सेमलर याला उपाध्यायपदाची दीक्षा दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात, युगांडाच्या वाटेवर, हॅनिंग्टन यांची हत्या झाली. मागे राहिलेला तांडा जोन्सने शेकडो मैलांवरून रबाईला परत आणला. तांड्यापुढे निळे निशाण होते आणि त्यावर शमुवेलाच्या ग्रंथातील एकच शब्द होता : ईखाबोद, म्हणजे गौरव गेले. मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला १९३५ पर्यंत जगला. फ्रेअरटाऊनच्या घंटेवरून मोंबासाच्या एका भागाला आजही केंगेलेनी, म्हणजे घंटेचे ठिकाण, असे म्हणतात.

मोंबासाला या माणसांची घंटा आहे. नाशिकमध्ये काय आहे? शरणपूर रोड हे नाव आहे. दुकाने, दवाखाने आणि वाहने यांनी गजबजलेल्या त्या रस्त्यावरून आपण रोज जातो. शरण कोण आले होते, हा प्रश्न क्वचितच कोणाच्या मनात येतो.

ज्यांनी बेटप्रवासाचा बेत केला आहे त्या तरुणांना आम्ही नाउमेद करू इच्छीत नाही. देवाने समुद्र निर्माण केला आणि तो चांगला आहे असे पाहिले. तेथील लाटेवर उभे राहण्याचा आनंद जरूर घ्यावा. ऋतू पाहावा, औषधे न्यावीत, परवाने काढावेत. पण एवढे ध्यानी असू द्यावे : लिव्हिंगस्टन यांच्या यादीतील बोट, पैसा, जनावरे आणि औषधे ही सर्व एकेक करून गेली. शेवटपर्यंत पुरली ती माणसे, आणि त्यांतही ज्यांच्या हिताचा विचार यादी करताना सर्वांत कमी झाला होता ती. बेटावर जो होडी चालवितो, जो खडक दाखवितो, जो अन्न रांधतो, त्याचे नाव विचारावे. त्याचे घर कोठे आहे, घरी कोण कोण आहे, हेही विचारावे.

आणि धर्मग्रामातील कुटुंबांना आमची एक विनंती आहे. गोदावरीवरचा पूल ओलांडून मुलांना घेऊन कधी शरणपूरच्या बाजूला जाणे झाले, तर त्यांना अब्राहमचे उत्तर सांगावे. घर म्हणजे काय, हे त्याच्याइतक्या थोडक्या शब्दांत फार थोड्यांनी सांगितले आहे. नोव्हेंबर महिन्यात आपण मृतांसाठी प्रार्थना करतो. त्या प्रार्थनेत या परक्या वाटणाऱ्या नाशिककरांचीही आठवण असावी. त्यांच्यासाठी मेणबत्ती लावायला आता त्यांचे कोणी येथे उरलेले नाही. ते काम आपलेच आहे.